आधी टक, मग सूर

दौंडमध्ये घरी रेकॉर्डिंग करायचं तर तारा जुळवण्याआधी गाड्यांच्या वेळा बघाव्या लागतात. पुणे-सोलापूरची मुख्य लाइन, मनमाडकडे जाणारा 1878 सालचा फाटा, बारामतीचा फाटा, आणि या सगळ्यांवरून कधीही येणाऱ्या मालगाड्या. दौंड स्टेशन टाळून जाणारी कॉर्ड लाइन होईपर्यंत तर नगरकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढायचं आणि दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, हा रोजचा उद्योग होता. शंटिंगच्या शिट्ट्या, कपलिंगचा दणका, मग पुन्हा शिट्टी. बाहेरगावचा पाहुणा दचकून उठायचा. दौंडकर कूस बदलायचा.

पण गाडीचा आवाज हा सोपा शत्रू आहे. तो बाहेरून येतो, येताना सांगून येतो आणि जातो. आपण थांबतो, चहा पितो, पुन्हा पहिल्या कॉर्डपासून सुरुवात करतो. खिडकीला जाड गोधडी लावली, दारामागे गादी उभी केली की निम्मं काम होतं. खरी डोकेदुखी असते ती वाद्याच्याच पोटातून येणाऱ्या आवाजाची. गिटारच्या तारेवर प्लास्टिकचं पिक पडतं तेव्हा सुराच्या आधी एक टक येते. समोर बसून ऐकताना ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. माईक लावून, हेडफोन घालून ऐकलं की मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात गेली. लाइनीवर खरखर कुठून येते ते हुडकायचं आणि ती घालवायची, हे पोटापाण्याचं काम. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत एक माईक, एक ऑडिओ इंटरफेस आणि लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप मांडून बसलो. गावातली भजनी मंडळं येतात, शाळेचं स्वागतगीत येतं, आणि दिवाळी सरली की नाताळच्या गाण्यांचे दिवस येतात. दौंड रेल्वेचं गाव असल्यामुळे इथल्या कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आणि पुण्याच्या दिशेने तीन स्टेशनं मागे गेलं की केडगाव, जिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यामुळे गिटार ही इथे कॉलेजच्या गॅदरिंगमधून आलेली नवलाई नाही. ती चर्चच्या बाकावर पेटीच्या शेजारी बसत आलेली आहे.

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या शेजारचा मुलगा गिटार घेऊन आला. हात चांगला आहे त्याचा. गाणी वाजवून झाली, त्याने हेडफोन लावला, आणि चेहरा पडला. “काका, बाकी सगळं मस्त आलंय. फक्त ते टकटक काढून टाका ना.”

काढून टाका ना! जणू भातातला खडा आहे.

ही टक म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. पिक तारेला टेकतं, तार थोडी बाजूला ओढली जाते आणि मग पिकाच्या टोकावरून निसटते. सूर सुरू होतो तो निसटल्यावर. त्याआधीच्या काही हजारांश सेकंदांत जे घडतं ते सगळं टकेच्या खात्यावर. तार आधीपासून कंप पावत असेल तर त्या हलत्या तारेला पिक लागताना एक बारीक चिर्र होते. अकूस्टिक गिटारच्या सहापैकी चार तारांवर पितळी किंवा ब्राँझची तार गुंडाळलेली असते. पिक तिरकं धरलं तर त्या वेटोळ्यांवरून ते करवतीसारखं घासत जातं. हात जोरात खाली आला तर पिक लाकडावर किंवा पिकगार्डवर आपटतं, तो आणखी निराळा ठोका. सुराला ठरलेली उंची असते, टकेला नसते. तिच्यात सगळ्याच कंपनसंख्या थोड्याथोड्या असतात. कानाला टोचतो तो तिचा भाग साधारण 2000 हर्ट्झच्या वर, 5000-6000 पर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरलेला असतो. माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्याच्या सुरुवातीला सर्वांत तिखट. म्हणून आवाज लहान असूनही खुपतो.

पहिला इलाज कॉम्प्युटरच्या अलीकडचा आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतो. पोरांना वाटतं पातळ पिक म्हणजे हलका आवाज. उलट आहे. अर्ध्या मिलिमीटरचं पिक तारेवर लवतं आणि परत येताना फटकन वाजतं. एक मिलिमीटरच्या वरचं, गोल टोकाचं पिक लवत नाही. ते तारेवरून सरकतं. नायलॉनचं घ्यावं, सेल्युलॉइडचं घ्यावं, प्रत्येकाची टक निराळी. पूर्वी उत्तम पिक कासवाच्या पाठीचं समजलं जाई. 1922 साली न्यूयॉर्कच्या लुइजी द’अँड्रिआने सेल्युलॉइडची पिकं करायला घेतली. तेव्हा सिनेमाची फिल्मही सेल्युलॉइडचीच असायची. म्हणजे एकाच मालातून एकीकडे चित्रं हलत होती आणि दुसरीकडे तारा. 1970च्या दशकात त्या कासवांच्या कवचाचा जागतिक व्यापार बंद झाला आणि जुनी पिकं जपून ठेवायची चीज झाली.

मग माईक. तो गिटारच्या भोकासमोर ठेवला की आवाज घुमतो आणि घोडीकडे, म्हणजे पिकाच्या हाताकडे वळवला की टकटक दुप्पट होते. मान जिथे खोक्याला मिळते तिथे, बाराव्या फ्रेटच्या आसपास रोखून, फूटभर अंतरावर ठेवला की सूर आणि आघात यांचं बऱ्यापैकी जमतं. नव्याकोऱ्या तारा चमकदार वाजतात आणि टकही चमकवतात. थोड्या वाजवून मऊ झालेल्या तारा बऱ्या. आणि कॉम्प्रेसर! आवाज सपाट करायचं हे यंत्र लोक आधी लावतात आणि मग विचारतात की टकटक वाढली कशी. टक कॉम्प्रेसर जागा व्हायच्या आत निघून गेलेली असते. दबतो तो तिच्यामागून येणारा सूर. मग टक होती त्याहून मोठी भासणारच.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी सॉफ्टवेअर. आयझोटोप कंपनीच्या आरएक्समध्ये 2020च्या आवृत्तीपासून खास गिटारसाठीच एक खिडकी आली. अँपची घरघर, बोटं सरकल्याची किंचाळी आणि पिकाची टक, तिघींना तीन वेगळे दट्टे. ते नसलं तरी गायकाच्या ‘स’ आणि ‘श’चा सुसकारा कमी करायला डी-एसर म्हणून जे वापरतात तेच गिटारला लावता येतं. ठरलेल्या पट्ट्यात आवाज उसळला की तो तेवढ्यापुरता दाबतो आणि लगेच सोडतो. गायकाच्या व्यंजनांचं औषध गिटारच्या टकेला लागू पडतं, यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे दुखणं एकच आहे.

कारण बोलण्यातसुद्धा आवाज लांबतो तो स्वरांमुळे, आणि शब्द कळतो तो मधल्या छोट्या छोट्या स्फोटांमुळे आणि घर्षणांमुळे. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी कंट्रोल फोनवर शिकलो. टेलिफोनच्या लाइनीतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. बोलणाऱ्याची ओळख पटायला तो पुरतो, पण ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं करणारा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. आकडा ऐकणाऱ्याने परत उच्चारायचा, ही रेल्वेची शिस्त त्यातूनच अंगवळणी पडते. एका स्टेशनमास्तरने प्रायव्हेट नंबर दिला की पलीकडचा तो पुन्हा म्हणून दाखवतो. त्या आकड्यावर गाडी सुटायची असते. लाइन स्वच्छ करताना आम्ही वरची खरखर गाळायचो, आणि जरा जास्त गाळलं तर तक्रार यायची: आवाज छान येतोय हो, पण समजत काही नाही.

आवाज छान येतोय पण समजत नाही, हे वाक्य मला त्या मुलाच्या गिटारवर काम करताना आठवत राहिलं. दट्टा पुढे सरकवत गेलो तशी टक कमी झाली, आणखी कमी झाली, आणि एका जागी गिटार गेली. सूर होते, पट्टी बरोबर होती, पण ते कशातून येतंय ते सांगता येईना. कीबोर्डवरचं गिटार नावाचं बटण दाबल्यावर यावं तसलं काहीतरी.

या अनुभवाला 1948 सालचा एक मोठा पूर्वज आहे, आणि तो रेल्वेतूनच गेलेला आहे, म्हणून तो मला आपला वाटतो. पिएर शेफर हा फ्रेंच रेडिओतला इंजिनिअर. त्या वर्षी तो ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात गेला. इंजिनांच्या शिट्ट्या, वाफ, रुळांच्या सांध्यांवरचा खडखडाट तबकड्यांवर घेतला आणि त्यांचे तुकडे जोडून तीन मिनिटांच्या आतबाहेरची एक रचना केली. नाव साधंच, रेल्वेचा अभ्यास. ऑक्टोबरमध्ये ती फ्रेंच रेडिओवरून वाजली. आमच्या दौंडात हा माणूस उतरला असता तर त्याला परत जायला नको वाटलं असतं. पण माझ्या कामाचा आहे तो त्याचा दुसरा प्रयोग. घंटेचा टोल मुद्रित करताना त्याने हातोड्याचा आघात वगळला. घंटा वाजून गेल्यावर माईकचा आवाज उघडला आणि मावळत जाणारा नाद हळूहळू मोठा करत सारख्या पातळीवर धरला. ऐकू आलं ते घंटेसारखं नव्हतंच, ओबोसारख्या एखाद्या फुंकवाद्याच्या जवळचं होतं. पितळ तेच, कंप तोच, सुरुवातीचा क्षण तेवढा नाही, आणि घंटेचं घंटापणच गेलं. पुढे 1964 साली सल्डान्हा आणि कोर्सो या दोन अमेरिकी संशोधकांनी वाद्यांच्या मुद्रणांचे तुकडे करून श्रोत्यांना ऐकवले. सुराचा आरंभ कापून नुसता मधला भाग दिला की वाद्य ओळखण्यात चुका वाढत गेल्या. वाद्य आपलं नाव सांगतं ते तोंड उघडतानाच.

आपल्याकडच्या तंतकारांना हे प्रयोग करायची गरज पडली नसावी. सतारिया तर्जनीवर पोलादी तारेची नखी चढवतो आणि तिच्या आघाताला बोल देतो. आत येणारा ‘दा’, बाहेर जाणारा ‘रा’, झपकन दोन्ही ‘दिर’. तालीम या अक्षरांतून होते. म्हणजे स्टुडिओत जिला कचरा म्हणून बाजूला काढायचं त्या टकेला इथे बाराखडीत जागा आहे. सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो, त्याची टक लाकडी. तरी ऐकणारा ‘सरोदमध्ये करवंटी ऐकू येते’ अशी तक्रार करत नाही. तमाशातलं तुणतुणं घ्या. एक तार, एक पोकळ डबा, तळाला कातडं. त्यातला आघात काढला तर उरेल काय? सूर धरायचा आणि लयही धरायची, ही दोन कामं ते एकाच टणत्काराने करतं, आणि ढोलकी-झांजेच्या गदारोळातही ऐकू येतं ते त्या टकेच्या जोरावर.

मिरजेत तर याहून पुढची गोष्ट आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले कारागीर तिथे वाद्यं करू लागले. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, म्हणजे आमच्या गावाला वळसा घालून जी भीमा पुढे जाते तिच्याच काठच्या मुलखातले. तिथला कारागीर घोडी घासत बसतो, तार टेकवून बघतो, पुन्हा घासतो. ही जवारी काढायची ती कशासाठी, तर तार घोडीवर हलकेच घासली जाऊन झणझणावी म्हणून. गिटार दुरुस्त करणारा तारेची तीच झणझण ऐकली तर फ्रेट घासायला घेईल. एकाने आयुष्यभर जी आणायची ती दुसऱ्याने आयुष्यभर घालवायची.

मात्र आपल्याकडे टकेचं कौतुकच आहे असं म्हणून मोकळं होता येणार नाही. विलायत खाँसाहेबांनी सतारीतून गाणं काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एका आघातात तार खेचून चार-चार, पाच-पाच सुरांची मींड काढली. गळ्याला टक नसते. म्हणून सतारीतही ती शक्य तितकी विरळ करायची. नखीचा आवाज कमी करायचा याहून सभ्य मार्ग मला तरी ठाऊक नाही: मारायचंच कमी. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवरून पोलादी दांडी सरकवत त्याच वाटेने नेली. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत संतूर आणि बासरीच्या सोबत ती ऐकावी. संतूर म्हणजे नुसते आघातच आघात, बासरीला आघात जवळपास नाहीच, आणि गिटार या दोघांच्या मधोमध. तिथे टक कमी आहे म्हणून गिटार हरवत नाही, कारण आघात पुसलेला नाही, जपून खर्च केलेला आहे.

तेव्हा त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुझी टक मोठी नाही, ती असमान आहे. कान नेमाने येणाऱ्या आवाजाला माफ करतो. आमचं अख्खं गाव याचा पुरावा आहे. खालचा स्ट्रोक हलका आणि वरचा खरवडणारा, आणि तोही कधी आहे कधी नाही, असं असलं की कान दर वेळी दचकतो. मनगट सैल ठेव, पिकाचं टोक बोटांच्या बाहेर कमी काढ. दुसरी गोष्ट सांगण्यापेक्षा ऐकवली. या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी खूण असते. ती केली की जे ठेवायचं ते नाही, जे काढून टाकायचं तेवढंच ऐकू येतं. काम करणाऱ्याने दट्टा किती ओढायचा ते कळावं म्हणून केलेली सोय. मी ती लावली आणि हेडफोन त्याच्याकडे दिला.

सूर एकही नाही. कॉर्ड नाही, पट्टी नाही. नुसती टकटक, साडेतीन मिनिटं. पण तो दोन ओळींतच हसायला लागला, कारण गाणं कळत होतं. ध्रुवपदाकडे येताना तो हळूच वेग वाढवतो, ते त्यात होतं. दुसऱ्या कडव्याआधी कॉर्ड आठवत नव्हती म्हणून हात अर्धा क्षण अडखळला होता, तेही होतं. शेवटच्या ओळीला बाहेर मालगाडी आल्यावर त्याने न थांबता जोर वाढवला होता. मला वाटलं होतं गाडी माईकमध्ये आलीच नाही, गोधडीने काम केलं. गाडी आली नव्हती, पण गाडीमुळे चढलेला त्याचा हात आला होता. इतकी वर्षं खरखर वेगळी काढून फेकली, ती कधी अशी बसून ऐकली नव्हती.

यावरून टकटक पवित्र आहे, तिला हात लावू नका, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक आहेत. त्यांना प्रत्येक किरकिरीत अस्सलपणा दिसतो. मला नाही दिसत. पिकगार्डवरचा ठोका हा निष्काळजीपणाच असतो आणि तो मी बिनदिक्कत कापतो. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर या दोन गिटारवादकांनी 1992 साली कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये बसून वाजवलं. त्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यात नखी तारेला भिडताना ऐकू येते, दांडी सरकताना ऐकू येते आणि ते सगळं हवंहवंसं वाटतं. पण त्यामागे ते दोन हात आहेत, ती घुमणारी वास्तू आहे आणि थोडक्याच माईकांवर भरवसा ठेवणारा ध्वनिमुद्रक आहे. माझ्या मागच्या खोलीत गादीसमोर बसून वाजवलेल्या गिटारला त्या नियमाने मोजलं तर अन्याय होईल, गिटारवरही आणि ऐकणाऱ्यांवरही. नाताळात चर्चच्या स्पीकरमधून ही गाणी वाजणार, समोर म्हाताऱ्या बायका बसणार. तो स्पीकर आधीच कर्कश, त्यात टक आणखी टोचणार.

म्हणून व्यवहार केला. पिकगार्डवरचे ठोके हाताने एकेक निवडून काढले. वेटोळ्यांवर घासल्याचा आवाज जिथे नको तितका लांबला होता तिथे तेवढाच छाटला. उरलेली टक 3500 हर्ट्झच्या वर साधारण चार डेसिबलने खाली आणली. एवढ्याने ती जात नाही, मागच्या बाकावर जाऊन बसते. दुसऱ्या कडव्याआधीची अडखळ तशीच ठेवली, पण ती त्याला सांगितली नाही. त्याने ती ओळखलीच, आणि ते गाणं पुन्हा वाजवायचा हट्ट धरला. पुन्हा वाजवलं, ते पहिल्यापेक्षा वाईट झालं, मग पहिलंच राहिलं.

चार डेसिबल मात्र त्याला अजून पटलेले नाहीत. सहा तरी हवे होते, म्हणतो. मी त्याला म्हटलं, उरलेले दोन तू हाताने काढ. तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून खाली-वर, खाली-वर असा एकाच कॉर्डचा सराव ऐकू येतो. आणि दीड मिलिमीटरचं नवं पिक मागवलंय, त्याची वाट बघतोय.